३.५५, ३.७३ आणि ड्राइव्हवेतली बोट

शनिवारी सकाळी खाली आले, तर बाबा बोटीत बसून चहा पीत होते. बोट आमच्या ड्राइव्हवेत होती... एप्रिलपासून तिथेच होती.

हो, इथे अमेरिकेत आमच्याकडे बोट आहे. अ‍ॅशबर्नमध्ये, जिथे डेटा सेंटरं सोडून बघण्यासारखं फारसं काही नाही, तिथे राहून माझ्या नवऱ्याने सेकंडहँड बोट घेतली. इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या एका रिटायर्ड डॉक्टर काकांनी ती ट्रेलरसकट दारात आणून सोडली आणि हसत हसत निघून गेले. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

निमित्त माझे बाबा. त्यांचं लहानपण दाभोळच्या खाडीकाठी गेलं, शाळेतसुद्धा होडीतून जायचे. पुढे पुण्यात नोकरी, संसार... होडी सुटली ती सुटलीच. यंदा ते सहा महिने राहायला येणार म्हटल्यावर अभिजितने जाहीर केलं, बाबांच्या हातात बोट द्यायची. मला अगदी भरून आलं होतं. किती भोळी मी!

कारण बोट ओढायला पिकअप ट्रक लागतो, आणि ट्रक घ्यायचा तर आधी म्हणे त्याचा अ‍ॅक्सल रेशो ठरवावा लागतो. चाक एकदा फिरायला इंजिनाकडून येणारा दांडा किती वेळा फिरतो, तो हा आकडा. आकडा मोठा असेल तर ट्रक ओझं आरामात ओढतो पण पेट्रोल जास्त पितो, लहान असेल तर माइलेज चांगलं पण चढावर दम लागतो. मला हे पाच मिनिटांत कळलं.

अभिजितला पाच महिने पुरले नाहीत. ३.५५ की ३.७३? बोट ओढायची म्हणून ३.७३. पण बोट महिन्यातून दोनदा ओढणार, एरवी ट्रक ऑफिसलाच जाणार, म्हणून ३.५५. पण बोट जिथे सोडायची, त्या तळ्याच्या, म्हणजे लेकच्या वाटेवर चढ आहे... म्हणून पुन्हा ३.७३. फोरमवरचे लोक एक सांगायचे, डीलर दुसरंच. आणि प्रत्येक डीलरकडे जो ट्रक उभा असेल, नेमका त्याचाच रेशो आमच्यासाठी बेस्ट असायचा!

पुण्यात स्कूटरचं अ‍ॅव्हरेज विचारत मोठा झालेला माणूस हा. त्याला ताकद ट्रकची हवी होती आणि माइलेज स्कूटरचं.

पण खरं सांगू? मी जास्त चिडले होते ती बाबांवर. आमच्या लग्नाला बारा वर्षं झाली, तरी ते जावयाला 'अहो अभिजितराव' म्हणतात. रोज संध्याकाळी अभिजित त्यांना रेशो समजावून सांगायचा, बाबा मान डोलवायचे, आणि शेवटी तेच एक वाक्य... "सावकाश ठरवा हो अभिजितराव, मला काही घाई नाही."

आणि हा माझ्याकडे येऊन म्हणायचा, बघ, बाबांना घाई नाहीये! अरे, त्यांचं परतीचं तिकीट येत्या गुरुवारचं होतं, यार!

एकाला ठरवता येत नाही, दुसऱ्याला बोलता येत नाही. त्यात आमच्या सोसायटीचं, म्हणजे एचओएचं पत्र... ड्राइव्हवेत बोट ठेवता येणार नाही, ताबडतोब हलवा. हलवते ना! कशाने हलवू?

तर, शनिवार. बाबांचा चहा संपला होता. उन्हाची टोपी घालून, व्हीलवर हात ठेवून ते समोर बघत होते. समोर आमच्या गॅरेजचं दार होतं. मला ते बघवेना. मी स्लिपर घालून तडक शेजारच्या डगचं दार वाजवलं, कारण त्याच्याकडे पिकअप आहे. एवढी साधी गोष्ट एप्रिलमध्ये का नाही सुचली, कोण जाणे. डग लगेच तयार झाला.

दुपारपर्यंत आम्ही लेकवर. डगने ट्रेलर रॅम्पवरून उलटा पाण्यापर्यंत नेला, बाबा लाइफ जॅकेट घालून बोटीत बसलेले. फक्त एक धक्का द्यायचा बाकी होता... आणि अभिजितने डगला विचारलं, तुझ्या ट्रकचा रेशो काय?

मला वाटलं, हा म्हणेल माहीत नाही, आणि सुटेन मी. पण डगचा चेहरा असा खुलला, की मी ओळखलं... हाही त्यातलाच! दोघे बोनेटला टेकून सुरू झाले. मागे चार बोटींची रांग, कुणीतरी हॉर्न वाजवला, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. यांना पत्ताच नाही.

तेवढ्यात बोटीतून आवाज आला. खाडी ओलांडून जाईल असा.

"अरे मेल्या, गप्प बस आणि बोट ढकल आधी!"

बाबांनी स्वतःच जीभ चावली. मी अभिजितकडे बघायलाच घाबरले... तर तो कानापासून कानापर्यंत हसत होता. बुटांसकट गुडघाभर पाण्यात शिरला आणि त्याने बोट ढकलली.

संध्याकाळपर्यंत व्हील बाबांच्या हातात होतं. टोपी उडून पाण्यात गेली तरी वळून बघितलं नाही त्यांनी.

रात्री ओले बूट वाळत टाकताना अभिजित सहज म्हणाला, वडील गेल्यापासून मला असं कुणी ओरडलंच नव्हतं गं. ते गेले तेव्हा तो कॉलेजात होता. बारा वर्षांत हे मला तो कधी बोलला नव्हता.

बाबा परत जाऊन आठवडा झाला. ट्रक अजून ठरलेला नाही. बोट ड्राइव्हवेत आहे, एचओएचं दुसरं पत्र आलंय, आणि मी अजूनही तितकीच वैतागलेली आहे.

फक्त काल बाबांचा फोन आला. मी हॅलो म्हणाले, तर म्हणतात, "तुझं नंतर. आधी त्या मेल्याला दे, ३.७३ चं काय झालं विचारायचंय."

दिला फोन. मग पाऊण तास तो काही परत मिळाला नाही... आणि मीही मागितला नाही.