समोरासमोरची बाकं

बुधवारी दुपारी माझी बायको शाळेत वारली. ती भूगोल शिकवायची. तिची गाडी फाटकाशी उभी होती. संध्याकाळी मी किल्ली लावली आणि गाडी घरी आणली. सीट मागे घेतली नाही.

ती पाच फुटांच्या आतली आणि मी सहाच्या वर. ती सीट पार पुढे ओढून, स्टिअरिंगला जवळजवळ मिठी मारून गाडी चालवायची. तिच्यानंतर मी त्याच गाडीने ड्युटीवर जाऊ लागलो. गुडघे स्टिअरिंगच्या दोन बाजूंना आणि मान छताखाली वाकलेली. वळताना आधी गुडघा बाजूला करायचा, मग चाक फिरवायचं. शोरूममधली माणसं बघायची आणि आत वळायची.

माझं काम व्हॅल्युएशनचं. भिवंडीत नवी गाडी घेणारा बहुतेक वेळा जुनी देऊन टाकतो. त्याला एक्सचेंज म्हणतात. जुनीची किंमत नवीच्या बिलातून वजा होते आणि वर थोडा बोनस मिळतो. ती किंमत मी ठरवतो. बोनेट उघडतो. रंगाखाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरून पोचे लपवलेत का, ते मीटर लावून बघतो. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढतो. तिथून धूर आला की आतून झीज झाली असं समजायचं. मग एक चक्कर मारतो. घरच्यांचं फारसं ऐकत नाही, कारण कुठल्याच घरातल्या गाडीने कधी त्रास दिलेला नसतो.

तुळशीचं लग्न होऊन गेलं होतं. आमचे मॅनेजर सावंत यांचा सकाळीच फोन आला.

"सर, कशेळीच्या पुढे एक पार्टी आहे. गोडाऊनवाले. नवीन गाडी बुक झालीय, सनरूफवाली. जुनी फक्त उचलायची आहे. आज हातावेगळं करा."

गेलो. घरासमोरच्या ओट्यावर तीन म्हाताऱ्या बसल्या होत्या. मी दार उघडलं, एक पाय बाहेर काढला, मग डोकं, मग दुसरा गुडघा हाताने सोडवून घेतला. मधली म्हातारी हे सगळं टक लावून बघत होती.

"आगो, या उंटाला कोनी बसवला त्या डब्यात?"

बाकीच्या दोघी पदरात तोंड घालून हसल्या. मधली मात्र हसली नाही. तिला खरंच उत्तर हवं होतं.

"भाऊ, ती सीट मागं न्हाय सरत का?"

"सरते मावशी."

"मंग?"

मी खिशात पेन शोधू लागलो. तेवढ्यात तिचा मुलगा विलास बाहेर आला. "आये, सर कामाला आलेत. त्यांना काम करू दे."

या हिराबाई. गावातल्या धवलारीण. आगरी लग्नात धवलारीण लागतेच. हळदीपासून ती धवले म्हणते. देवांना, पितरांना आणि जिवंत नातेवाइकांना गाण्यातून लग्नाला बोलावते. एक ओळ ती म्हणते आणि सोबतच्या दोघी ती झेलून पुढे नेतात. त्या दोघी म्हणजे तिच्या जावा, मंजू आणि बायजा. आसपासच्या गावांत आता हे काम करणाऱ्या हिराबाईच उरल्या आहेत. पांढऱ्या, जीपच्या घडणीच्या जुन्या गाडीतून त्या लग्नाला जातात आणि नवरदेवही बहुधा त्याच गाडीतून जातो.

"आये म्हणते, गाडी गेली तर गाणं बंद," विलासने मला बाजूला घेऊन सांगितलं. "पण सर, तुम्हीच सांगा. कशेळीच्या पुलावर कंटेनर कसे येतात बघता ना? या गाडीचा ब्रेक लागतो, पण आपल्या सवडीने लागतो. मागं तीन म्हाताऱ्या, पट्टा न्हाय, काय न्हाय. त्या लग्नावरून परत येईपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरत नाही."

त्याचं खोटं नव्हतं. मी मीटर काढला.

इंजिन चांगलं होतं. झाकण काढलं तर धूर नाही. पत्र्याला चार-दोन पोचे होते, पण राजरोस, लपवलेले नव्हते. विलासने गाडी आतून धुऊन, पॉलिश करून, अत्तर मारून ठेवली होती. मागच्या भागात पुढे तोंड करून बसायच्या सीट नव्हत्या. दोन आडवी बाकं होती, समोरासमोर. आमच्या हिशेबात अशा बाकांचे गुण कापले जातात. मी कापले.

"चक्कर मारून येतो," मी म्हणालो.

"आमी पन येनार," हिराबाई म्हणाल्या. "आमचं वजन नसलं त गारी उधळते."

तिघी मागे चढल्या. विलास माझ्या शेजारी बसला. मी ड्रायव्हर सीटवर बसलो आणि कित्येक महिन्यांनी माझे पाय सरळ झाले. त्यांना ते ओळखीचंच वाटेना. रस्त्याला लागल्यावर मी नेहमीचा प्रश्न विचारला.

"एसी चालतो का?"

"चालायला पायजे," विलास म्हणाला. "कधी लावला न्हाय. काचा खालीच असतात. गाडी गावात शिरायच्या आधी गाणं शिरलं पायजे, असं आयेचं म्हणणं."

मी बटण फिरवलं. आधी एक कण्हणं ऐकू आलं. मग हळदीचा वास. मी पंखा मोठा केला.

मग चारही झडपांतून अक्षता आल्या. पिवळ्या, सुकलेल्या, टणक, सूं करत. चष्म्यावर, शर्टात, टकलावर. विलास काहीतरी सांगायला वळला आणि त्याचं तोंड भरलं. नवरदेव पुढे बसतो, निघताना घरचे त्याच्यावर अक्षता टाकतात, आणि काचेखालच्या फटींतून त्या आत जातात. इतक्या वर्षांची लग्नं त्या डॅशबोर्डात साठली होती. मी घाईने पंखा बंद करायला गेलो आणि बटण उलटं फिरवलं. एक सुपारी सुटली आणि टक्कन माझ्या कपाळावर बसली.

"साहेबांचं लगीन लागलं," बायजा म्हणाली.

मंजूने तिथल्या तिथे गाणं धरलं. मी गाडी कडेला घेतली आणि हसू लागलो. आवरेना. कपाळ स्टिअरिंगवर टेकलं तर हॉर्न वाजला. मागच्या टेम्पोवाल्याने शिवी घातली. "किसकी शादी है बे?" असं तो पुढे म्हणाला आणि विलासने तोंडातले तांदूळ थुंकत माझ्याकडे बोट दाखवलं. टेम्पोवाल्याने हात जोडून "मुबारक हो चाचा" म्हटलं आणि गेला. मग मला श्वासही घेता येईना. पोट धरून हसलो. मागे तिघी एकमेकींच्या अंगावर कोसळत होत्या.

जरा थांबल्यावर हिराबाईंनी विचारलं, "आता घरी काय सांगशील? कोन कोन हाय घरी?"

"कुणी नाही मावशी. बायको होती. होळीनंतर गेली."

गाणं थांबलं. बायजाने तोंडावर हात ठेवला. विलास खिडकीबाहेर बघू लागला. माझ्या कॉलरमधून तांदूळ अजून खाली घरंगळत होते.

हिराबाईंनी विचारलं, "बुटकी होती?"

"हो."

"लई बुटकी?"

"तुमच्याएवढी."

त्यांनी मान हलवली. "मंग सीट बरोबर हाय."

मग मंजूच्या नाकातून एक आवाज निघाला आणि आम्ही पाचही जण पुन्हा सुरू झालो.

परत फिरताना हिराबाईंनी मला मागे बोलावलं. "फुडं बसून काय कललं तुला? हितं बस." विलासने गाडी घेतली. मी बाकावर बसलो. शेजारी हिराबाई, समोर मंजू आणि बायजा. हिराबाईंनी धवला सुरू केला. ओळ कुठे संपणार हे मंजू आणि बायजा कानांनी ठरवत नव्हत्या. दोघींचे डोळे हिराबाईंच्या ओठांवर होते. ओठ मिटायला आले की या उचलायच्या. खड्ड्यात गाडी आपटली तरी ओळ खाली पडली नाही.

"काल तुमच्या मानसांनी ती नवी गारी आनली हुती दाखवाया," हिराबाई मध्येच थांबून म्हणाल्या. "तिन्ही तोंडं फुडं. फुडच्याच्या टकलाकडं बघून धवला म्हनू काय? तुला न्हाय बोललो. आनि मांडी घातली, पट्टा न्हाय लावला, त टीं टीं टीं. आमच्या आधी तीच गाते."

"आये, त्या टीं टीं करताच तर घेतली," विलास पुढून म्हणाला.

मी सावंतांना फोन लावला. "गाडी एक्सचेंजला येत नाही."

"इंजिन गेलंय?"

"नाही, छान आहे."

"कागद?"

"स्वच्छ आहेत."

"मग प्रॉब्लेम काय, सर?"

"बाकं समोरासमोर आहेत."

सावंत हळू आवाजात म्हणाले, "सर, तुम्ही अजून थोडे दिवस रजा घेता का?"

विलासला मी जे खरं होतं ते सांगितलं. अशी बाकं आता नव्या गाडीत मिळायची नाहीत. पण त्याची भीतीही खरी आहे. ब्रेकचं सगळं काम नव्याने करावं, टायर बदलावेत. बाकांना पट्टे बसवावेत. आडवं बसलेल्याला पट्टा फारसा वाचवत नाही, पण नसण्यापेक्षा बरा. आणि गाडी त्याने स्वतः चालवावी, सावकाश.

"सावकाशच बरी," हिराबाई म्हणाल्या. "गानं लांब हाय."

ब्रेक झाले. पट्टे आणि गाद्या निजामपुऱ्यातल्या एका सीटवाल्याने केल्या. मी मुद्दाम सोबत गेलो होतो. या गाडीत बसून गातात हे कळल्यावर त्याने मऊ फोम परत ठेवून दिला. "नरम गद्दे में आवाज़ बैठ जाती है, साब," तो म्हणाला. खरं-खोटं मला माहीत नाही. हिराबाईंना पटलं.

नवी गाडी विलासने घेतलीच, एक्सचेंज न करता. आमच्या महिन्याच्या एक्सचेंजच्या टार्गेटमधून एक गाडी कमी झाली आणि सावंत मला मीटिंगमध्ये बोलायचं ते बोलले. पुढच्याच लग्नाचं मला आमंत्रण होतं. पुढे जुनी गाडी, काचा खाली, आतून धवला. मागे नवी, आणि तिच्या सनरूफमधून नवरदेव कमरेपर्यंत बाहेर. गावभर लोक वरून अक्षता टाकत होते आणि निम्म्या सरळ आत जात होत्या. तिच्याही एसीची सोय झाली.

तेव्हापासून मी कामाची पद्धत थोडी बदलली आहे. जुनी गाडी लोक का सोडत नाहीत, हे बोनेटखाली फारसं दिसत नाही. म्हणून मी आधी एसी लावतो. चष्मा काढून ठेवतो.

अक्षता उडाल्या त्या दिवशी घरी आल्यावर गाडीतून उतरताना माझ्या शर्टातले थोडे तांदूळ सीटवर पडले. ते टिपताना हात सीट सरकवायच्या खालच्या दांडीला लागला.

बायकोची गाडी आजही मीच चालवतो. सीट एक खाच मागे आहे. गुडघे अजून लागतात.