इद्दतीतल्या बाईवर बजावलेले समन्स

नोकरीत खून, दरोडे पुष्कळ पाहिले. पण आजही मान खाली जाते ती एका दिवाणी दाव्याच्या आठवणीने. तेव्हा मी अकोल्यात पोलीस जमादार होतो. विलायतेला अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला आणि आमच्या वऱ्हाडी कापसाला सोन्याचा भाव आला. भल्याभल्यांचे डोळे फिरले. त्यांत माझा थोरला भाऊही होता.

जुन्या शहरातला एक मुसलमान गाडीवान आमचा कापूस वाहायचा. तो वारला, आणि दादाने त्याने घेतलेली उचल बुडाल्याचा दावा त्याच्या विधवेवर लावला. बाई हजर झाली नाही, म्हणून एकतर्फी हुकूमनामा झाला व तिचे घर लिलावाला निघाले. दादाला त्या जागी कापसाचे गोदाम हवे होते. तेवढ्यात तिच्या भावाने फेरविचाराचा अर्ज केला की, समन्स तिला मिळालेच नाही. दावा चालवणाऱ्या इंग्रज साहेबांनी चौकशी माझ्याकडे दिली. वादी माझा सख्खा भाऊ आहे, असे मी सांगून पाहिले. "मग तुला खरे लवकर कळेल," एवढेच ते म्हणाले.

समन्स नेणाऱ्या चपराशाला चौकीत बसवले. तो घडाघडा बोलला, "बाई कापसाच्या बाजारात भेटली, जमादारसाहेब. समन्स फेकून देल्लं तिनं माह्या अंगावर. तुमचे दादा होते तिथं, इचारा त्याहिले."

दादाने तेच सांगितले आणि वर डाफरला, "आता तू मले चोरावानी इचारून राहिला?"

घरी मी अर्ध्या जेवणातून उठू लागलो. आईने खोदून विचारले, तेव्हा सांगितले. तिचा वाढता हात थांबला.

"बाजारात? थे तं इद्दतीत होती, बाबू. नवरा मेल्यावर त्याहिच्यात चार मैने बाई उंबरा वलांडत नाई. मीच तिच्या दारात कोरडा शिधा ठेवत होती. अन् थो बांधून कोन देत होता? तुहा दादाच!"

म्हणजे दादाला सारे ठाऊक होते. समन्स तिच्या घरी दिले म्हटले तर गल्लीतले शेजारी खोटे पाडतील, म्हणून बाजार सांगितला. साहेबाला इद्दत कुठली माहीत! मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. इद्दतीचे नाव काढताच चपराशी रडू लागला आणि दादाने आपल्याला फितवल्याचे त्याने कबूल केले.

आईने कचेरीत साक्ष दिली. दादाकडे तिने एकदाही पाहिले नाही. हुकूमनामा रद्द झाला, लिलाव थांबला. दावा पुन्हा चालला तेव्हा, अमरावतीच्या खेपा करून गाडीवानाने उचल कधीच फेडली होती, हे उघड झाले. साहेबांनी माझी पाठ थोपटली, ती थाप मला चाबकासारखी लागली. खरे शोधून काढले तरी घरची लाज धुऊन निघत नाही, हे मी तिथे शिकलो.

ईदेला त्या बाईचा भाऊ आमच्या दारी आला. टोपलीत कोरड्या शेवया, खारका, साखर. आणि एक पुरचुंडी वेगळी.

"आपाने भेजा है," तो म्हणाला. "ये बडे भाई का. इद्दत में शिधा वोही बांध के देते थे ना."

दादा घरातच होता. मी हाक मारली, पण तो उंबऱ्याबाहेर आला नाही.