कलमकाका आणि हरणाची पोळी

न्यू जर्सीतल्या आमच्या वेस्ट विंडसरच्या मराठी मंडळींत शिकार करणारं कुणीच नव्हतं. पण शिकारीचा कायदा कलमवार पाठ असलेले एक गृहस्थ होते, आणि ते चातुर्मासात कांदासुद्धा खात नसत. मूळचे सांगलीचे, पूल बांधणारे इंजिनिअर, नोकरीतून निवृत्त झालेले. त्यांना सगळे कलमकाका म्हणत. लोक सकाळच्या चहाबरोबर वर्तमानपत्र वाचतात. काका ट्रेंटनला, म्हणजे राज्याच्या राजधानीत, विधिमंडळात आलेली विधेयकं वाचत. वाचनालयातून छापून आणत, कोपऱ्यात स्टेपल मारत, आणि पॉटलकला, म्हणजे ज्यानं त्यानं एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, निघताना काकूंच्या हातात मसालेभाताचं भांडं असे तर काकांच्या हातात एखादं विधेयक. दोन्ही वाढलं जाई. मसालेभात संपत असे.

या नादाची सुरुवात गवारीपासून झाली. काकांनी मागच्या अंगणात हौसेनं लावलेली गवार हरणांनी एका आठवड्यात मुळापर्यंत खाल्ली. काकांनी टाउनशिपच्या, म्हणजे गावच्या, कचेरीत फोन केला. तिथल्या बाईंनी सांगितलं, हरणं राज्याच्या अखत्यारीत येतात. दुसऱ्या कुणी कुंपण उंच केलं असतं. काकांनी राज्याचा वन्यप्राण्यांचा अख्खा कायदा मागवला, वाचला, आणि त्यात दोन ठिकाणी एकाच शब्दाची वेगळी व्याख्या आहे असं संबंधित खात्याला कळवलं. खात्याचं आभाराचं पत्र आलं. गवार परत आली नाही.

"कायदा म्हणजे पुलाचं ड्रॉइंग," ते म्हणत. "खालच्या बारीक टिपा वाचल्याशिवाय त्यावर गाडी घालायची नाही."

त्यांच्या घरामागे झाडीचा एक मोठा पट्टा होता. तो वॉल्टर नावाच्या निवृत्त प्लंबरच्या मालकीचा. वॉल्टर तीस वर्षं धनुष्यबाणानं हरणं मारत होता आणि तीस वर्षांत त्यानं नियमांची पुस्तिका एकदाही उघडली नव्हती. एका शरद ऋतूत काका त्याच्या दारात जाऊन उभे राहिले. घरापासून साडेचारशे फुटांच्या आत शिकारीला मनाई आहे, आणि तुझं झाडावरचं मचाण मला आत वाटतं, असं त्यांनी त्याला सांगितलं. मग काका, वॉल्टर आणि शेजारी राहणारी मी अशा तिघांनी टेप धरून मोजलं. मचाण अकरा फूट आत निघालं. वॉल्टरनं टेपवरचा आकडा स्वतः पुन्हा वाचला. मग त्यानं मचाण उतरवलं आणि मागच्या ओक झाडावर चढवलं. तेव्हापासून दर हंगामाआधी तो टोपी काढून काकांच्या स्वयंपाकघरात येऊन बसे आणि विचारी, "यंदा काय बदललं?" काका सांगत, तो काकूंचा चहा पीत ऐके.

काकूंची गोष्ट वेगळी होती. त्या कायदा वाचत नसत. जेवणाआधी गोग्रास काढून ठेवायचा हा त्यांचा माहेरपासूनचा नेम. न्यू जर्सीत दाराशी गाय कुठली यायला? पहिली काही वर्षं त्यांनी तो नुसताच बाहेर ठेवला. मग एक हरिणी येऊ लागली. चार पाय, शाकाहारी, डोळे मोठे. काकूंना एवढं पुरेसं होतं. रोज बारा वाजता कुंपणाजवळच्या ओंडक्यावर गूळ लावलेली एक पोळी ठेवली जाई आणि हरिणी ती खाऊन जाई. काका त्या वेळी भिंतीकडे तोंड करून जेवायला बसत. गवारीचा वैरी आपल्याच घरी जेवतो हे त्यांना ठाऊक होतं. फक्त त्यांनी ते कधी पाहिलेलं नव्हतं.

दोन हजार तीनमध्ये माझी नोकरी गेली, आणि मोतीबिंदूमुळे काकांचं ड्रायव्हिंग बंद झालं. त्यामुळे त्यांना ट्रेंटनला नेण्याचं काम माझ्याकडे आलं. त्याच सुमारास ते विधेयक दाखल झालं: हरणांना कुणीही, कशासाठीही, खायला घालायचं नाही. काका खूश झाले. खाऊ घातल्यानं हरणं घरांजवळ येतात, गोचिडी आणतात, गाड्यांसमोर येतात. त्यांना स्वतःला गोचीड चावून लाइम नावाचा ताप येऊन गेला होता. विधेयकाच्या सुनावणीत कुणालाही समितीपुढे बोलायला तीन मिनिटं मिळतात. काकांनी भाषण घड्याळ लावून बसवलं.

सुनावणीच्या आदल्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले तेव्हा काकूंनी मसुदा हातात धरला होता.

"म्हणजे माझा गोग्रास बंद?" त्यांनी विचारलं.

"कायद्यापुढे सगळे सारखे," काका म्हणाले.

"मग उद्यापासून कायद्यालाच सांगा जेवायला वाढायला."

"अगं, मी तत्त्वाचं बोलतोय."

"मी पोळीचं बोलतेय. चाळीस वर्षांचा नेम आहे, मी घालणारच. पोलिसाला तुम्हीच बोलवा. येईल तोही जेवून जाईल."

काकांनी मसुदा त्यांच्या हातून घेऊन भाषणाच्या कागदांत ठेवला. रात्रीच्या भाजीला मीठ नव्हतं, असं त्यांनी दुसऱ्या दिवशी गाडीत मला सांगितलं. तेवढंच. पण वाटेत त्यांनी भाषणाचे कागद तीनदा काढले आणि तीनदा घडी घालून ठेवले.

विधिमंडळाची इमारत पाहिली की माणसाला वाटतं आत फार मोठं काही चाललं असेल. आत सात खुर्च्या, सात नावाच्या पाट्या आणि चार आमदार होते. त्यांतले एक दाणे खात होते. हरणांना टाकायचा मका विकणारे व्यापारी विरोधात बोलायला आले होते. सूटमधल्या त्यांच्या प्रतिनिधीनं आजोबांच्या परंपरेबद्दल गहिवरून सांगितलं. परंपरा अशी, की रानात मका टाकायचा, हरिण खायला आलं की मारायचं. त्याच बाकावर प्राणिमित्र बसले होते. त्यांचाही विरोध, त्यांना मका टाकून नुसतं पाहायचं होतं. प्रत्येकाला इतरांसाठी कायदा मान्य होता. आपल्यापुरती सूट मिळावी, एवढंच म्हणणं.

काकांचं नाव पुकारलं. ते इंग्रजीत बोलले. मराठीत सांगायचं तर असं.

"मी या विधेयकाच्या बाजूनं आहे. पण आधी एक गोष्ट उघड करणं माझं कर्तव्य आहे. माझी पत्नी रोज दुपारी एका हरिणीला एक पोळी घालते. हा कायदा झाला तर ती गुन्हेगार ठरेल. तरीही मी बाजूनंच आहे."

दाणे खाणारे आमदार थांबले. समितीच्या अध्यक्षबाईंनी चष्मा वर केला.

"तुम्हाला तुमच्या पत्नीसाठी सूट हवी आहे का?"

"नाही. तिनं मागितलेली नाही. ती कायदा मोडणार आहे."

"तुम्ही इथे आला आहात हे त्यांना माहीत आहे?"

"डबा तिनंच दिलाय," काका म्हणाले, आणि त्यांनी गोचिडींचं भाषण सुरू केलं. घंटा वाजली तेव्हा एक परिच्छेद उरला होता, तो त्यांनी लेखी दिला.

विधेयक मतदानाला आलंच नाही. समितीनं ते बाजूला ठेवलं आणि ते तिथंच राहिलं. काका पडलेल्या चेहऱ्यानं घरी आले. काकूंनी मला आत नेऊन सगळं विचारून घेतलं. मका टाकून हरणं बोलावतात आणि मारतात, हे त्यांनी दोनदा सांगायला लावलं. पुढच्या आठवड्यात वॉल्टर चहाला आला तेव्हा त्यांनी त्यालाच विचारलं, तूही मका टाकतोस का?

"हो, टाकतो ना," तो म्हणाला. "तुमची ती हरिणी मी सोडून देतो, मॅडम. ती माझ्या मचाणाखाली येऊन वर बघत उभी राहते. माणसाला भीतच नाही ती. पण पलीकडच्या रानात माझ्यासारखे आणखी चौघं आहेत."

दुसऱ्या दिवशी बारा वाजता ओंडका रिकामा होता. हरिणी आली, बराच वेळ उभी राहिली, काकूंनी टाळ्या वाजवून तिला हाकललं, आणि आत येऊन डोळे पुसले. नेम त्यांनी मोडला नाही. पोळीचा चुरा पक्ष्यांच्या भांड्यात जाऊ लागला. तो बहुधा खारीच खात. हरिणी आठ-दहा दिवस येत राहिली, मग यायची थांबली.

"कायदा झाला असता ना," काकू मला म्हणाल्या, "तर मरेपर्यंत घातली असती."

दोन हजार आठमध्ये काका-काकू मुलाकडे सांता क्लाराला राहायला गेले. सामान भरायला वॉल्टर आणि मी होतो. विधेयकांचे चार खोके रद्दीत द्यायचे होते. वॉल्टरनं ते स्वतःच्या गाडीत ठेवून घेतले. वाचणार आहेस का, असं काकांनी विचारलं, तर म्हणाला, "एखादं तरी."

काकू गाडीत बसल्यावर मी काकांना, बरेच दिवस मनात होतं ते विचारलं. "काका, कायदा न होताच पोळी बंद झाली. मग तो व्हायला हवा होता की नको?"

"व्हायलाच हवा होता," ते म्हणाले. "सगळ्यांच्या घरी तुझी काकू नसते."