तुमी कोन?

"पत्रा नंतर बघू. आधी माणूस."

गाडीला गाडी घासली की आमच्या शेजारचे काका एवढंच म्हणायचे. इंजिन बंद, हँडब्रेक वर, किल्ली शर्टाच्या खिशात, आणि खाली उतरून समोरच्याला पहिला प्रश्न, "लागलं का कुठे?" स्वतःच्या बंपरकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. आपण काय करतो ते आठवा जरा. गाडीचं दार उघडायच्या आधीच आपलं तोंड उघडलेलं असतं!

काकांवर ही वेळ वरचेवर यायची, कारण गाडी ते अगदीच यथातथा चालवायचे. दुसरा प्रश्नही ठरलेला, "गाव कुठलं तुमचं?" मग त्या गावात कुणीतरी ओळखीचं निघायचंच आणि भांडण तिथेच बारगळायचं. मी वैतागायचो. "काका, भांडायला उतरलात की सोयरीक जुळवायला?"

"सोयरीक स्वस्त पडते रे," ते म्हणायचे.

त्यांची एकुलती एक बहीण वारली होती. भाऊबीजेला घरात पणत्या लागायच्या, फराळ असायचा, पण काका लवकर जेवून झोपून जायचे. "माझी दिवाळी पाडव्यालाच संपते," एकदा म्हणाले.

एका संध्याकाळी पनवेलच्या एस.टी. स्टँडजवळ त्यांच्या गाडीचा धक्का एका सायकलला लागला. मी शेजारी बसलो होतो. सायकलवर एक गावाकडचा गडी, मागे कॅरिअरवर त्याची बायको. दोघंही पडली. गर्दी जमली. गडी उठला तो थेट काकांच्या अंगावरच आला. "कोन हाय तू? आं? कोन?"

काकांचा चेहरा एकदम उजळला. "कोनचे का तुम्ही? अहो, माझी बहीण कोनातच दिली होती!"

मी कपाळाला हात लावला. तो विचारत होता 'कोण', आणि काकांना ऐकू आलं कोन गाव! पण गंमत बघा, गडी खरंच कोनचा निघाला. उगारलेला हात तसाच राहिला. "कोनचाच हाय मी," तो चाचरत म्हणाला, "पन तुमी वलखलं कसं?" बघ्यांमध्ये हशा पिकला.

डॉक्टरांकडे त्याच्या गुडघ्याला पट्टी झाली, तिच्या कोपराला औषध लागलं, दोघांना धनुर्वाताची इंजेक्शनं दिली. तिथे काकांनी मोठ्या उमेदीने बहिणीच्या सासरचं नाव सांगितलं. गडी विचारात पडला. असं घर आमच्या कोनात नाय, म्हणाला. मग उलगडा झाला. बहिणीचं कोन भिवंडीकडचं, हे पनवेलजवळचं. काका हसले, पण ते हसू काही खरं नव्हतं.

तेवढ्यात त्यांचं लक्ष बाईच्या मोकळ्या मनगटाकडे गेलं. पडताना बांगड्या वाढल्या होत्या. काका उठले. दोघांना घेऊन सरळ बाजारात कासाराकडे गेले. कासार हिरव्या बांगड्या चढवता चढवता सहज म्हणाला, "हे कोण तुमचे?"

तिने नवऱ्याकडे बघितलं, मग काकांकडे.

"भाऊ हाय माजा."

काका उगाचच चष्मा पुसत बसले.

त्यानंतर दर भाऊबीजेला गाडी कोनच्या रस्त्याला लागायची. ती ओवाळायची आणि येताना तांदळाच्या भाकऱ्या बांधून द्यायची. आळीत एकेक भाकरी वाटताना काका सांगायचे, "बहिणीकडची आहे."

श्रावणात काका गेले. मी बदलीवर नाशकात होतो, मला महिन्याने कळलं. त्यांच्या मुलाने सगळ्या नातेवाइकांना फोन केले होते. कोनला फोन नव्हता, आणि त्या धावपळीत निरोप धाडायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

दिवाळीला मी पनवेलला आलो होतो. भाऊबीजेला दुपार टळली तरी गाडी आली नाही, म्हणून ती स्वतःच रिक्षा करून आली. हातात पदराने झाकलेलं ताट होतं. मुलाने दार उघडलं आणि चाचरत सांगितलं.

ती तिथेच पायरीवर बसली. ताट मांडीवरच होतं. मग मुलाकडे बघून म्हणाली, "सगल्यांना सांगितलंत. बहिनीला सुतक असतं रे बाबा. मला तेवढं बी धरू दिलं नाय."