गव्हर्नरचं पान

मी बोलते आणि सून लिहून घेते. माझी शाळा दुसरीतच सुटली.

आयर्लंडात आम्ही राहतो ते बंदराचं गाव. नातीला शाळेत इथल्याच एका माणसावर बोलायचं होतं, म्हणून ती मला गोष्ट सांगून बघत होती. हा माणूस पोरवयातच नेव्हीच्या जहाजावर चढला, चाच्यांच्या तावडीतून सुटला, मोठा ऑफिसर झाला. मग सरकारने त्याला पार समुद्रापलीकडच्या मुलखाचा पहिला गव्हर्नर केला. तिथेच आजारी पडून मेला.

"तिथल्या लोकांनी बोलावलं होतं काय त्याला?"

"नॉट रिअली, आजी. त्यांची लँड गेली."

"आणि त्याची बायको?"

"मुलांना घेऊन जहाजाने परत आली. तो तिथेच राहिला. पण ग्रेव्ह अजून आहे. लोक साफ ठेवतात."

मी वालाच्या शेंगा मोडत होते. हात थांबला.

आमचे हे मालवाहू बोटीवर खलाशी होते. लांबच्या बंदरात तापाने गेले. तिथेच पुरलं, एवढाच निरोप आला. मुलगा तेव्हा अंगावर पीत होता. तेव्हा आम्ही गावाकडेच होतो; मी डोक्यावर मासळीची पाटी घेतली. शेजारीण पोराला दिवसभर आपल्या पोरांत जेवू घालायची, तिचे उपकार फिटायचे नाहीत. दिवस निघाले. पण एक घोर राहिला, ह्यांच्या मातीकडे कुणी बघत असेल का? दरवर्षी सर्वपित्रीला पान ठेवायचे, तर कावळा शिवता शिवत नसे. बायका म्हणायच्या, "जीव अडकलाय गं त्याचा."

यंदाच्या सर्वपित्रीला मी परसातल्या भिंतीवर दोन पानं मांडली. भात, वरण, वडे, खीर.

मुलगा म्हणाला, "आई, दुसरं कुणाचं?"

"गव्हर्नरचं."

"अगं, तो आपला कोण? आणि त्याने तिथे काय केलं माहितीये ना?"

"त्याचा हिशेब देव बघेल. परमुलखात मेला, भुकेला असेल. तिकडे कुणीतरी त्याची माती राखतंय ना? तसं ह्यांचीही कुणी राखत असेल. मग आपण इथे दुसऱ्याच्या माणसाला घास घालायला नको?"

"सीगल खाऊन जातील सगळं!"

"तू उभा राहा, हाकल."

इंजिनीअर माणूस, पण राहिला झाडू घेऊन उभा. नात हसून हसून खाली बसली.

कावळे समोरच्या छपरावर बसलेले, पण खाली येईनात. मी हात जोडले. म्हटलं, "अहो, कळलं मला. तुम्हाला तिकडे माणसं भेटली. आता मी घोर करणार नाही."

एक कावळा उतरला. सरळ गव्हर्नरच्या पानावर! वडा उचलला, टाकला, मग उडी मारून ह्यांच्या भाताला चोच लावली.

नात ओरडली, "आजी! राँग प्लेट फर्स्ट!"

"राँग नाही गं. तुझे आजोबा असेच. दारात कुणी आलं की आधी त्याला वाढ म्हणायचे, मग स्वतः बसायचे."