गाडीमागची जागा

त्या रस्त्यावर गाड्या दुरुस्त करणारे तिघे होते, पण ब्रेक म्हटलं की लोक ब्रेकवाल्या काकांकडेच यायचे. काका माणूस तिरसट. नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत, आणि बोलायला लागले की जिभेला हाड नसायचं. तरी लोक येत, ते त्यांच्या एका नियमापायी. काम झालं की गाडी गॅरेजसमोरच्या चढावर तोंड वर करून उभी करायची. मालकानं आत बसून हँडब्रेक ओढायचा, पायाचा ब्रेक सोडायचा, आणि काकांनी गाडीच्या बरोबर मागं जाऊन उभं राहायचं.

"ज्यानं ब्रेक बांधले त्यानं मागं उभं राहायचं," काका म्हणत. "स्वतःचा जीव लावायची तयारी नसेल, तर दुसऱ्याचा कशाला लावायचा?"

गेल्या थंडीत दाढी करताना काकांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. वाचा शाबूत राहिली, म्हणजे शेजाऱ्यांना काही आराम मिळाला नाही. पाय ओढत का होईना, काका चालू लागले. डावा हात मात्र गेला तो गेलाच. बोटं मिटायची, पण त्यांत जोर नव्हता. हे काकांनी कुणाला सांगितलं नाही, काकूंना तर नाहीच. आधी उजव्या हातानं अर्धा चहा संपवायचा, मग हलका झालेला कप डाव्या हातानं उचलून काकूंना दाखवायचा. "बघ, आला की नाही हात?" आणि बारीक काम निघालं की, "ते तू कर, मला हल्ली जवळचं दिसत नाही." बिचाऱ्या काकूंनी चष्म्याचा नंबरही बदलून आणला.

अशात मुख्याध्यापिकाबाईंची गाडी आली. बाई निवृत्त झालेल्या, गाडी त्यांच्या वडिलांच्या वेळची, आणि घर टेकडीवर. मागच्या चाकांचे ब्रेक ऑइल गळून भिजले होते. हँडब्रेक तर नुसता शोभेचा. घरासमोर लावलेली गाडी एके दुपारी आपली आपण निघाली आणि शेजाऱ्यांच्या कुंपणात जाऊन बसली होती.

काका स्टुलावर बसून सांगत होते आणि काकू खाली मांडी घालून करत होत्या. गंजून घट्ट बसलेले ड्रम त्यांनी हातोडीनं ठोकून ठोकून काढले. गळके सिलिंडर बदलले, ड्रमला आतून दाबून चाक थांबवणारे ब्रेक शू नवे लायनर लावून बसवले. स्प्रिंग ताणून आकड्यात अडकवताना ती सटकन निसटायची आणि बोटाचं साल काढून जायची. काकूंनी एकदा हाय म्हटलं तर काका ओरडले, "स्प्रिंग आहे ती, जावई नाही, गोंजारू नकोस!" डावं चाक त्यांनी दोनदा परत खोलायला लावलं. बरं झालंय असं मात्र एकदाही तोंडातून निघालं नाही.

हँडब्रेकच्या तारेपाशी तर त्यांनी स्टूल पुढं ओढलं. "आधी शू ड्रमला नीट बसू देत, मग तार. ब्रेक लागत नाही म्हणून नुसती तार आवळणारे कसाई असतात कसाई! शू घासत राहतात, ड्रम तापतो, आणि ऐन उतारावर ब्रेक दगा देतो."

काम संपलं. बाई संध्याकाळी येणार होत्या. काकूंनी गाडी चढावर नेली, मागच्या चाकाला दगड लावला आणि उतरल्या. "बसा तुम्ही," पदराला हात पुसत त्या म्हणाल्या. "ब्रेक मी बांधलेत. मागं मी."

चालकाची जागा उजवीकडे, हँडब्रेकचा दांडा डाव्या हाताला. सांगायची वेळ हीच होती. पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात ते खोटं नाही. काका तसेच आत बसले. पाय ब्रेकवर ठेवला, डावा हात दांड्यावर नेला आणि सगळं अंग मागं टाकून ओढला. दांड्याच्या खाचेतले दोन दात कटकट वाजले. तिसरा वाजला की नाही, कळलं नाही. बोटं तिथंच लोळत पडली.

आरशात काकू दिसत होत्या. त्यांनी दगड काढून बाजूला ठेवला आणि डिकीमागं ताठ उभ्या राहिल्या. त्यांच्या मागं चार पावलांवर गॅरेजची भिंत होती.

"सोडा!"

काकांनी पाय उचलला. गाडी क्षणभर थांबली आणि मागं सरकली. काकू हटल्या नाहीत. आपलं काम चुकणार नाही असं वाटून की काय, त्यांनी दोन्ही हात डिकीला लावले. काकांनी पाय दाणकन ब्रेकवर आपटला. गाडी थांबली तेव्हा काकूंची पाठ भिंतीला लागायची बाकी होती.

"नाही लागला हो," काकूंचा आवाज रडवेला झाला. "माझंच काहीतरी चुकलं. दगड लावते. तार आवळू का थोडी?"

काकांनी उजवा हात अंगावरून पलीकडं नेला आणि दांडा ओढला. पाचव्या दाताला तो असा घट्ट बसला की आणखी ओढवेना. पाय हलकेच सैल केला. गाडी तसूभर हलली नाही.

तार आवळली असती तर डाव्या हातानंही गाडी थांबली असती. कुणाला कळलं नसतं. ड्रम तापला असता तो बाईंच्या टेकडीवर. काकू पाना घेऊन वाकल्याही होत्या.

"तारेला हात लावू नकोस!" काका ओरडले. मग आवाज एकदम खाली आला. "ब्रेक चोख आहेत. माझा हात गेलाय. आलाच नव्हता."

काकू सावकाश उभ्या राहिल्या. पाना त्यांच्या हातात तसाच होता.

"आणि मला मागं उभं केलंत?"

काका उतरले, पाय ओढत मागं गेले आणि भिंतीकडं पाठ करून डिकीमागं उभे राहिले.

"तिथून निघा. तुम्हाला पटकन बाजूलाही होता येणार नाही."

"व्हायचंच नाहीये बाजूला. बस आत. ओढ."

काकू बसल्या. दांडा खाली सोडून पुन्हा ओढला, पाच दात वाजले. काकांनी चांगल्या पायानं दगड ढकलून दिला. पण ब्रेकवरचा काकूंचा पाय काही निघेना. मघाची सरकलेली गाडी त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती.

"अगं, सोड. मी बघितलंय ना तुझं काम."

काकूंनी डोळे मिटून पाय उचलला. गाडी उभी होती तिथंच उभी राहिली.

संध्याकाळी मुख्याध्यापिकाबाई आल्या. काकू अजून काकांशी बोलत नव्हत्या. बाईंनी दोन-तीनदा दांडा ओढून बघितला आणि म्हणाल्या, "काका, तुमच्या हाताला तोड नाही बरं का."

"ब्रेक हिनं बांधलेत," काका म्हणाले. "मी नुसता मागं उभा होतो."