खिंडारातून निघालेली गाडी

आमच्या गाड्या वेशीत अडकल्या तेव्हा नुकतंच उजाडलं होतं. पुढची गाडी आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची. तिला चिकटून तात्यांची. तात्या आबांचे चुलतभाऊ, धाकट्या पातीचे पाटील. आम्ही थोरल्या पातीचे. दोन्ही गाड्या एकदमच वेशीत शिरल्या, जुवाला जू घासलं आणि दोघंही तिथंच थांबले. मागच्या गाडीत मी, माझी माय आणि दिवस भरलेली माझी वहिनी, शेवंता. आमच्यामागे निम्मं गाव. साल अठ्ठेचाळीस, पोळा तोंडावर आलेला. रझाकार आपल्या बाजूला येणार अशी आवई उठली होती. निजामाची हद्द ओलांडून पलीकडच्या धाड गावी पोचायचं होतं. माझा भाऊ, दादा, आधीच तिकडे जाऊन डॉक्टरला सांगून आमची वाट बघत बसला होता. आणि अशा सकाळी आमच्या गावानं काय करावं? मानाचा वाद काढावा.

गावकऱ्यांनो, तुमच्या मंडळाचा मोबाइलवर निरोप आला. वेशीचा जीर्णोद्धार झाला आहे, ‘आपला वैभवशाली वारसा’ या स्मरणिकेसाठी आठवणी लिहून द्या म्हणता. देते. माझ्यासारखे गाव सोडून पुण्या-नागपुरात आणि अमेरिकेत गेलेलेही ती वाचतील, फ्लॅटच्या बाल्कनीत बसून डोळे पुसतील. त्यांनीही हे वाचावं, म्हणजे डोळे पुसायचं काम वाचेल.

आपला वारसा मी चांगला ओळखते. देवळामागे वीरगळ आहेत, लढाईत पडलेल्यांच्या नावाचे कोरीव दगड. त्यांवर आपण गोवऱ्या थापायचो. हेमाडपंती खांबाचा एक तुकडा तात्यांच्या न्हाणीत पाय घासायला होता. पिंपळगावच्या रेणुकेला जाणारे लोक आपल्या आडावर पाण्याला थांबले की पोहरा द्यायच्या आधी त्यांची जात विचारली जायची. गावानं मनापासून जपलं ते एवढंच, की पोळ्याला वेशीतून कुणाचे बैल आधी जातात. त्यापायी आजोबांच्या वेळी डोकी फुटली होती. भांडण भोकरदनच्या तहसीलीत गेलं, तिथून उर्दूत निकाल आला. तो गावात कुणाला धड वाचता येईना, पण एक साल थोरली पात, एक साल धाकटी पात, एवढं दोघांनाही समजलं. अठ्ठेचाळीसचा पोळा आमचा होता.

“औंदाचा मान माहा हाये,” आबा गाडीवर उभे राहून म्हणाले. “गाडी माहीच आधी निंगंल.”

“पोळा आल्ता का अजून?” तात्या म्हणाले. “पोळा येईस्तोर साल माहं. बराबर हाये का न्हाई, सांगा बरं तुमी सगळे.”

आणि सगळे सांगायला लागले. जी माणसं जीव मुठीत धरून निघाली होती ती गाड्यांतून उतरली आणि पंचायत करायला बसली. कुणी तंबाखू मळायला घेतली. आबांचं बराबर की तात्यांचं, यावर दोन तट पडले. मला आजही वाटतं, रझाकार खरंच आले असते तर आमच्या लोकांनी त्यांनाही एका बाजूला बसवून निवाडा विचारला असता.

आता गंमत ऐका. वेस उभी होती, पण तिच्या बाजूचं गावकूस, म्हणजे गावाभोवतीची भिंत, कधीच पडलं होतं. डाव्या हाताला एवढं खिंडार, की दोन गाड्या सहज शेजारून जाव्यात. शेळ्या, कुत्री, शेताला जाणाऱ्या बाया, सगळ्यांची ये-जा तिथूनच. अडचण एकच. मसणात न्यायचं मढंही तिथूनच निघायचं. शुभकार्याला निघालेल्यानं वेशीतूनच जायचं, असा दंडक. म्हणून जीव वाचवायला निघालेलं गाव मोकळ्या जागेकडे पाठ करून तुंबलेल्या वेशीत बसलं होतं.

वहिनी आधी हसत होती. तिला हसायला फार लागायचं नाही. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “माह्या माहेरी वेशीत गुरं अडकतेत, वन्सं. हितं माणसं अडकून राह्यली.” मग तिचं हसणं थांबलं. तिनं गाडीचा दांडा धरला, ओठ चावला, आणि मायनं तिच्या पोटावर हात ठेवून पाहिलं.

माय गाडीतून खाली उतरली, दोन्ही पातींच्या पुरुषांच्या मधोमध गेली. पाटलाच्या घरची बाई चारचौघांत बोलत नसे. ती बोलली. “पोरीला कळा येऊन राह्यल्या. अन् तुमी कामून मान काढून बसले? मी खिंडारातून नेते गाडी.”

आबांचा चेहरा मला अजून दिसतो. त्यांना सून दिसत नव्हती. तात्यांसमोर आपली बायको तोंड उघडून बोलली, तेवढंच दिसत होतं. “बिलकुल न्हाई,” ते म्हणाले. “तिकून मढी नेतेत. पोटुशी बाई नेती का कुनी?”

तरीही पंच हलले नाहीत. सूर्य चांगला वर आला, वहिनीचा कण्हण्याचा आवाज सगळ्यांना ऐकू जाऊ लागला, तेव्हा दोन-चार जणांनी शरमून माना फिरवल्या. माना फिरवण्यात आपलं गाव पहिल्यापासून पटाईत. शेवटी मायनं पदर कमरेला खोचला, बैलांचा कासरा हातात घेतला आणि बैलांपुढे चालत गाडी खिंडारातून बाहेर काढली. तिच्या मागून एकही गाडी आली नाही.

तुम्ही कसे सुटलात तेही स्मरणिकेत येऊ द्या. मला ते नंतर कळलं. आबांचीही गाडी आधी नको, तात्यांचीही नको, म्हणून पंचांनी देवीच्या नावानं गुरवाची रिकामी गाडी सगळ्यांत आधी काढली. एक रिकामी गाडी पुढे काढायला यांना अर्धा दिवस लागला.

आम्ही धाडच्या अलीकडच्या नाल्यावर पोचलो तेव्हा वरच्या अंगाला पाऊस होऊन पाणी आलं होतं. पलीकडच्या काठावर दादा उभा होता, त्याच्याशेजारी बॅग घेतलेला डॉक्टर. दादा ओरडून सांगत होता की सकाळी पाणी घोट्याएवढं होतं. पोर गाडीतच झालं, मायच्या हातावर. मुलगी. ती रडली, वहिनीनं तिला पाहिलंही. पण वहिनीचं रक्त थांबेना. मायनं होती नव्हती ती सगळी लुगडी लावली. दादा दोनदा पाण्यात उतरला, लोकांनी त्याला ओढून मागे घेतलं. पाणी ओसरलं आणि डॉक्टर पोचला, तेव्हा वहिनी गेली होती.

रझाकार त्या दिवशी आपल्या गावाकडे फिरकलेही नाहीत.

धाडला निघालेले सगळे एका कापसाच्या जिनिंगच्या आवारात उतरले होते. तिथं दहावा व्हायच्या आतच बायांनी कुजबुज सुरू केली. “मढ्याच्या वाटंनं बाळंतीण नेली, दुसरं काय होनार?” मग पुरुष म्हणू लागले. वेशीत अर्धा दिवस कुणी घालवला हे कुणालाच आठवेना. एका संध्याकाळी आबांच्या तोंडूनही ऐकलं, तात्यांच्या शेजारी बसून, दोघांत एकच पानाचा डबा: “मी न्हाई म्हनत व्हतो. आयकलं न्हाई तिनं.” दोन्ही पाती आयुष्यात पहिल्यांदा एका शब्दावर एक झाल्या, त्या माझ्या मायवर ठपका ठेवायला. त्या दिवशी बापाबद्दलचा माझा आदर संपला. तो परत आला नाही, आणि मी त्याची वाटही पाहिली नाही.

पोळ्यानंतर थोड्याच दिवसांत पोलीस अॅक्शन झाली, निजाम गेला आणि तुम्ही सगळे वाजत-गाजत घरी परतलात. आबाही गेले. माय, दादा, ते पोर आणि मी परतलो नाही. दादानं बुलढाण्यात कोर्टात नोकरी धरली. दोन खोल्या, सार्वजनिक नळ, रांगेत उभं राहून रेशन. मायला त्या रांगेचं फार कौतुक. जो आधी आला तो आधी, कुणाची पात विचारत नाहीत, म्हणून ती मुद्दाम स्वतः जायची. पोरीचं नाव विमल ठेवलं. मी शाळा संपवून नर्सिंगचा कोर्स केला, नागपुरात मॅटर्निटी वॉर्डात ड्यूटी करत रिटायर झाले. स्ट्रेचर आलं की आम्ही एवढंच बघायचो, कुणाचं रक्त जास्त चाललंय. ती बाई आधी. हे कळायला तहसीलीचा निकाल लागत नाही.

आबा एकदा मायला न्यायला बुलढाण्याला आले. नवा फेटा, बाहेर छकडा. “चल,” म्हणाले, “वेशीतनं वाजत नेतो तुला. कोन काय म्हनतं बघतो.” वहिनीचं नाव त्यांनी काढलं नाही. कोपऱ्यात पाळण्यात नात होती, तिकडेही बघितलं नाही. माय भाकरी थापत होती. तिनं मान वर न करता सांगितलं, “मला खिंडार बरं. तिथं कुनी आडवं येत न्हाई.” आबा चहा न पिता गेले. माय नंतर पुष्कळ वर्षं जगली. विमलचं लग्न तिनं हातानं लावून दिलं. पण विमल लहान असताना तिला न्हाऊ घालताना मायचे हात मधेच थांबायचे, आणि कधी कधी ती मला विचारायची, “म्या वेशीतच थांबाया पायजे व्हतं का गं?” उत्तर ‘नाही’ आहे, हे तिला ठाऊक होतं. तरीही विचारायची. तुम्ही तिच्या पदरात टाकलेलं ओझं हे असं होतं, आणि त्याबद्दल मी तुम्हाला माफ केलेलं नाही.

तुम्ही पाठवलेले फोटो विमलनं मला मोठे करून दाखवले. वेस झकास झाली आहे. कमानीवर रंग, खाली फोकस लाइट, तिच्या दोन्ही अंगांना नवं गावकूस, अगदी जुन्यासारखं दिसणारं. खिंडार बुजवलंत. खाली लिहिलंय की गावाची शोभा जात होती.

गाव म्हटलं की मला तुमचं देऊळ आठवत नाही, पाटलाचा ओटाही आठवत नाही. माझं म्हणावं असं तिथं एवढंच होतं: पडक्या भिंतीतली ती मोकळी जागा, आणि कमरेला पदर खोचून बैलांपुढे चाललेली माझी माय. तेवढं मी गाव म्हणत आले. आता तिथं तुमचं सिमेंट आहे. उद्घाटनाला बोलावलंत, पण मला यायची वाट तुम्ही ठेवलेली नाही.